दिवस चोवीस तासांचाच!
घरगुती उद्योग करणाऱ्या आई-वडिलांनी वेळ आणि प्रकृती कशी सांभाळावी?

तळोजा, कळंबोली, खांदेश्वर किंवा जुने पनवेल, कोणत्याही वस्तीत एखाद्या इमारतीचे जिने चढून पाहावे. एका घरातून पोळ्या भाजल्याचा खमंग वास येतो, दुसऱ्या घरात शिलाई मशीनची घरघर चालू असते, तिसऱ्या घराच्या दारावर 'ब्लाउज, फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी दिसते. कुठे शिकवण्या, कुठे पाळणाघर, कुठे पापड, मसाले, दिवाळीचा फराळ. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत घर सोडून आलेला कामगारवर्ग मोठा आहे, त्यामुळे जेवणाच्या डब्यांना मागणी असते. घरबसल्या चार पैसे मिळतात, मुलेही डोळ्यांसमोर राहतात. म्हणून अनेक भगिनी, आणि आता काही पुरुषही, हा मार्ग पत्करतात.

हा मार्ग चांगला आहे, परंतु त्यात एक खाचखळगा आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला गाडी पकडायची असते. दिवा-पनवेल मार्गावरची गाडी असो किंवा नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पेंधर ते बेलापूर मेट्रो असो, ठरलेल्या वेळी त्याला काम सोडून निघावेच लागते. घरी काम करणाऱ्याला अशी परतीची गाडीच नसते. काम डोळ्यांसमोर पडलेले असते आणि ते रात्री अकरा वाजताही हाक मारते. मग सर्वात आधी कात्री लागते ती झोपेला, त्यानंतर जेवणाला आणि शेवटी मुलांच्या वाट्याच्या वेळेला. पाठदुखी, डोकेदुखी, चिडचिड, अशक्तपणा या तक्रारींचे मूळ पुष्कळदा दिवसाच्या वेळापत्रकातच सापडते. म्हणूनच वेळेचे नियोजन हा विषय आरोग्याच्या सदरात घ्यावासा वाटला.

दोन नोकऱ्या, एक माणूस

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे तीत तपासले गेले. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. म्हणजे बाईची जवळजवळ पाच तासांची एक नोकरी घरात आधीपासूनच चालू असते. तिच्यावर सहा-सात तासांचा उद्योग चढवला की बारा तास तिथेच संपतात. मुलांचा अभ्यास, आजारपण, पाहुणे, सणवार हे सर्व उरलेल्या वेळात बसवायचे असते.

हे गणित एकदा कागदावर मांडले की एक गोष्ट स्पष्ट होते. 'मला वेळच पुरत नाही' हा आपला आळस नव्हे, ती साधी बेरीज आहे. अधिक घाईने काम केल्याने ती सुटत नाही. कामे कमी करणे, वाटून देणे किंवा त्यांची जागा बदलणे, एवढेच तीन उपाय आहेत.

आधी तीन दिवसांची वही

वजन कमी करायचे तर आधी वजन करावे लागते. तसेच वेळेचेही आहे. तीन दिवस एक जुनी वही स्वयंपाकघरात ठेवा. उठल्यापासून झोपेपर्यंत दर तासाला काय केले, ते दोन शब्दांत लिहा. 'कणीक', 'बाजार', 'फोन', 'मुलाची वही', 'गिऱ्हाईक आले', एवढे पुरे. तिसऱ्या दिवशी रात्री शांतपणे वाचा.

बहुधा तीन गोष्टी आढळतील. पहिली, एकच काम दिवसात चार वेळा सुरू केले जाते आणि चार वेळा अर्धवट सोडले जाते. दुसरी, गिऱ्हाइकांचे फोन आणि निरोप दिवसभर विखुरलेले असतात. तिसरी, किरकोळ सामानासाठी रोज बाजारात फेरी होते. यांतील प्रत्येक गोष्ट एका जागी गोळा करता येते. निरोपांना दिवसातून तीन ठरावीक वेळा उत्तरे द्यावीत. बाजार आठवड्यातून दोनदा करावा. शिवणकामात कापडे बेतण्याचे काम एका दिवशी, शिलाई दुसऱ्या दिवशी, काजे-बटणे तिसऱ्या दिवशी असे गट करावेत.

गिरगावच्या गच्चीवरचा धडा

घरगुती उद्योगाचे महाराष्ट्रातील सर्वात मोठे उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्याची श्री महिला गृह उद्योग ही संस्था झाली. तिच्या यशाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. येथे पाहायची आहे ती तिची कामाची पद्धत, कारण तिच्यात वेळेचे शहाणपण भरलेले आहे.

पीठ केंद्रावर तयार होते. भगिनी सकाळी येऊन ते घेऊन जातात, घरी आपल्या सोयीने पापड लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून देतात. वजनाप्रमाणे लाटणावळ मिळते आणि नवे पीठ मिळते. यात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. काम मोजून घेतलेले असते, म्हणून ते संपते. त्याची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो, मधला वेळ मात्र मुलांच्या शाळेप्रमाणे मागेपुढे करता येतो. आणि पीठ तयार करणे, लाटणे व विकणे ही तिन्ही कामे एकाच बाईच्या डोक्यावर नसतात.

सुरुवातीच्या काळात पावसाळ्यात पापड वाळत नसल्याने या भगिनींना चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, असा मार्ग काढला. आपल्या कोकणपट्टीतील पावसाची सर्वांना कल्पना आहे. म्हणून वाळवणाचा उद्योग करणाऱ्यांनी वर्षाचे नियोजन आधी करावे आणि मग दिवसाचे. पेणला गणपतीआधी रंगकामाची झुंबड उडते, फराळवाल्यांची दिवाळीआधी उडते. असे हंगामी काम असेल तर त्या तीन-चार आठवड्यांसाठी घरकामाला मदतनीस, मुलांसाठी आजी किंवा मावशी यांची सोय आधीच लावून ठेवावी. हंगाम संपल्यावर चार दिवस पूर्ण विश्रांतीचे धरावेत.

एक नमुन्याचा दिवस

समजा, तळोजा फेज एकमध्ये राहणाऱ्या एका भगिनी दुपारचे पंधरा डबे देतात. घरी नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले आहेत. त्या पहाटे साडेचारला उठतात आणि रात्री साडेअकराला आडव्या होतात. म्हणजे झोप पाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. रोज दोन तास कमी, म्हणजे आठवड्याला चौदा तास, म्हणजे पुऱ्या दोन रात्रींची झोप बुडाली!

आता त्यांच्या रात्रीकडे पाहू. नऊ ते दहा उद्याच्या ऑर्डरींचे फोन आणि हिशेब. दहा ते अकरा परत आलेल्या डब्यांची घासघीस. शेवटचा अर्धा तास मुलांची दप्तरे व गणवेश. पहाटेचा पहिला अर्धा तास भाजी निवडण्यात व चिरण्यात.

यात पुढीलप्रमाणे बदल करता येतील :

१) उद्याची ऑर्डर रात्री आठपर्यंतच घ्यावी. हे सर्व गिऱ्हाइकांना एकदा नम्रपणे सांगावे. आठवड्याचे पदार्थ ठरवून कागद लावून ठेवला की 'उद्या काय आहे?' हा प्रश्नच उरत नाही.

२) हिशेब दुपारी, जेवण व विश्रांती झाल्यावर, अडीच वाजता लिहावा. तेव्हा डोके ताजे असते व चुका कमी होतात.

३) तीन वाजता उद्याची भाजी निवडून, शक्य तेवढी चिरून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. बटाटा, वांगे यांसारख्या काळ्या पडणाऱ्या भाज्या आयत्या वेळी चिराव्यात.

४) डबे दुपारी चारपर्यंत परत येतील अशी व्यवस्था करावी आणि लगेच घासून पालथे घालावेत. रात्रीपर्यंत खरकटे राहिलेले डबे आरोग्यालाही वाईट.

५) दप्तर आणि गणवेश ही मुलांची स्वतःची जबाबदारी, वेळ रात्री आठ. नऊ वर्षांचे मूल हे सहज करते, पाच वर्षांचे त्याचे पाहून शिकते. वडिलांनी शेजारी बसावे.

एवढे केल्यावर रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठता येईल. सात तास झोप पदरात पडली आणि डबा एकही कमी झाला नाही.

यजमान कारखान्यात पाळीने काम करीत असतील तर एक वेळापत्रक पुरत नाही. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशी तीन वेळापत्रके करून भिंतीवर लावावीत. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना दिवसा अंधाऱ्या खोलीत शांत झोप हवी, म्हणून मिक्सर, मशीन अशी आवाजाची कामे त्या वेळेबाहेर ठेवावीत. उलट दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी मुलांना शाळेत सोडणे हे काम त्यांच्याकडे देता येते.

पाठ, मनगट आणि पाय

घरातील उद्योगाला कारखान्यासारखा भोंगा नसतो. बाई लाटायला बसली की तीन तास उठत नाही. हा सर्वात घातक प्रकार होय. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे, हात वर ताणावेत, खांदे फिरवावेत. घड्याळाचा गजर लावून ठेवला तरी चालेल.

ओट्यावर कणीक मळताना परात कोपरापेक्षा किंचित खाली असावी. ओटा उंच असेल तर पायाखाली भक्कम पाट घ्यावा. सतत उभे राहणाऱ्यांनी एक पाय आळीपाळीने ठेंगण्या पाटावर ठेवावा, त्याने कमरेवरचा ताण कमी होतो. मशीनवर बसणाऱ्यांनी पाठीला टेकू असलेली खुर्ची वापरावी आणि हातावर भरपूर उजेड येईल अशी जागा निवडावी. दर वीस मिनिटांनी थोडा वेळ खिडकीतून दूर पाहिल्यास डोळ्यांना विसावा मिळतो.

रात्री अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. लवकर उपचार केले तर ते सोपे असतात.

काम अडते म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवून धरणे ही सवय अनेक भगिनींना असते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. कामाच्या जागी पाण्याची बाटली भरून ठेवावी आणि ती दुपारपर्यंत रिकामी झाली पाहिजे असा नियम करावा. मिरची, मसाला भाजताना किंवा कुटताना खिडकी उघडी ठेवून नाकाला स्वच्छ फडके बांधावे आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवावे.

पंधरा जणांना वाढणारी स्वतः उपाशी

हा विनोद नाही. डबे देणाऱ्या भगिनी स्वतः सकाळपासून दोन कप चहावर काम करतात आणि दुपारी तीनला उरलेसुरले खातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एकीला! थकवा, धाप, छातीत धडधड, चिडचिड ही त्याची लक्षणे असतात आणि आपण ती 'कामाचा ताण' म्हणून सोडून देतो.

उपाय साधा आहे. उठल्यापासून दोन तासांत काहीतरी भरपेट खावे. आदल्या रात्री भिजवलेली मटकी, नाचणीची भाकरी, पोह्यांवर लिंबू, यांना वेगळा वेळ लागत नाही. पहिला डबा भरताना स्वतःचेही ताट वाढून बाजूला झाकून ठेवावे. पालेभाज्या, कडधान्ये खाताना लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी चांगले लागते, आणि जेवणाला लागून चहा घेतल्यास ते कमी लागते. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. वर्षातून एकदा रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना आपण जेवू घालतो त्यांचीही जबाबदारी असतेच. शिजवलेले अन्न, विशेषतः भात, तासन्तास ओट्यावर ठेवू नये. डबा गरम असतानाच भरावा आणि लवकर पोचवावा. घरून अन्नपदार्थ विकणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती करून घ्यावी.

मुले : जवळ आहेत, पण लक्ष आहे का?

घरी काम करण्याचा मोठा फायदा म्हणजे मुले जवळ असतात. परंतु जवळ असणे आणि लक्ष असणे यांत फरक आहे. अपघात बहुधा घाईच्या तासात होतात. उकळते तेल, गरम आमटीचे पातेले, इस्त्रीची लोंबणारी वायर, सुया, बटणे, उघडी कात्री ही सगळी उद्योगाची साधने मुलाच्या दृष्टीने खेळणी असतात. डबे भरण्याच्या त्या दोन तासांत पाच वर्षांखालील मूल स्वयंपाकघरात येणार नाही अशी पक्की व्यवस्था हवी. दाराला आडवी फळी लावा, शेजारच्या आजींची मदत घ्या किंवा पाळणाघराची. तेवढ्या वेळेपुरते पाळणाघराला दिलेले पैसे हा खर्च नव्हे, धंद्याचे भांडवल समजा.

मूल भाजलेच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काहीही लावू नये. फोड मोठे असतील, किंवा चेहरा, हात, गुप्तांग भाजले असेल तर स्वच्छ कपड्याने झाकून तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. संध्याकाळी पाच ते सहा असा एक तास फक्त मुलांचा ठेवा. त्या तासात मशीन बंद, फोन दुसऱ्या खोलीत. दिवसभर 'थांब, आत्ता नको' ऐकणारे मूल तो तास ठरलेला आहे हे कळले की पुष्कळ शांत होते. लहान मुलाला घड्याळ कळत नसेल तर 'लहान काटा पाचवर आला की आई तुझी' असे दाखवून द्यावे. आणि तो शब्द पाळावा. मुलांचीही झोप मोडू नये. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते.

मुलांना कामाला लावावे का? घरात हातभार लावणे चांगले, पण हंगामात शाळा बुडवून, रात्री जागवून कामाला बसवणे सर्वस्वी चूक. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा कायदाही चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या व्यवसायात फक्त शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि धोका नसलेल्या कामातच मदत करू देतो. लिज्जतमध्येही आरंभी लहान मुली येत असत, नंतर संस्थेने अठरा वर्षांची अट घातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'नाही' म्हणण्याचे औषध

धंदा नवा असतो तेव्हा प्रत्येक ऑर्डर घ्यावीशी वाटते. 'वहिनी, उद्या फक्त पाचच डबे जास्त' असे कोणी म्हटले की संकोच वाटतो. येथे आपली मर्यादा आधी आकड्यात ठरलेली असेल तर सोपे जाते. पंधरा म्हणजे पंधरा. सोळाव्या डब्याला मदतनीस लागेल, तिचा पगार निघेल का, हे पाहूनच वाढवावे. शेजारच्या दोन-तीन भगिनी असाच उद्योग करीत असतील तर एकमेकींकडे जादा काम पाठवण्याचा, आजारपणात डबे सांभाळण्याचा करार करावा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकेकटीला जे जमत नव्हते ते मंडळाला जमले. तेच तत्त्व एका इमारतीतही लागू पडते.

आठवड्यातून एक दिवस उद्योग बंद ठेवावा. त्या दिवशीचे उत्पन्न बुडते हे खरे, पण आजारपणात आठ दिवस बुडण्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि यजमानांना एक विनंती : 'घरीच तर असते' हे वाक्य मनातूनही काढून टाका. ती घरी असते ती कामावर असते. रोजचे एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या. सांगितल्यावर मदत करणे वेगळे आणि एखादे काम आपले मानणे वेगळे. जिथे वडील घरून उद्योग करतात आणि आई नोकरीला जाते, तिथे हाच सल्ला उलट दिशेने लागू आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत न जाणारी पाठदुखी, पायात उतरणारी कळ, मुंग्या, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, जिना चढताना धाप, यांपैकी काहीही असल्यास 'सण झाल्यावर बघू' असे म्हणू नये. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच मन न लागणे, थकूनही झोप न येणे, मुलांवर हात उगारला जाणे, ही केवळ दमणूक नसून मनाच्या आजाराची खूण असू शकते. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

थोडक्यात सांगायचे तर, सात तास झोप, वेळेवर स्वतःचे ताट, दर अर्ध्या तासाने उठणे, मुलांचा राखीव तास आणि आठवड्याची सुटी या पाच गोष्टी वेळापत्रकात सर्वात आधी लिहाव्यात. त्यानंतर उरलेल्या तासांत जेवढा मावेल तेवढाच उद्योग घ्यावा. मशीन बिघडले तर दुरुस्त करून मिळते, परात झिजली तर नवी आणता येते. या सर्व उद्योगामागचा माणूस मात्र एकच असतो. आज रात्रीच वही काढा आणि उद्या सकाळच्या पहिल्या तासापासून लिहायला लागा.